सदर बाजार, दुखरा गुडघा आणि १९४४ साल

सदर बाजार हे नाव आपल्याकडच्या फौजी माणसाच्या ओळखीचं असतं. साताऱ्यात आहे, सोलापुरात आहे, जालन्यातही आहे. इंग्रजांच्या छावण्या जिथे पडल्या, तिथे पलटणीला लागणाऱ्या मालाचा मुख्य बाजार वसला आणि बऱ्याच ठिकाणी त्याला हेच नाव मिळालं. रायपूरलाही पलटण होती. १८ जानेवारी १८५८ रोजी याच शहरात हनुमान सिंह नावाच्या फौजीने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं आणि चारच दिवसांनी त्याच्या १७ साथीदारांना फाशी झाली. आजच्या सदर बाजारात मात्र फौजेची काही खूण दिसत नाही. दोन्ही बाजूंना सराफी पेढ्या आणि लग्नसराईत पाय ठेवायला जागा नाही, असा हा रस्ता.

छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं, त्यामुळे रायपुरात पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. बाजारापासून जवळच तात्यापारा आहे. अशाच एका घरातले निवृत्त सुभेदार साहेब मला पेढीवर भेटले. घरातल्या लग्नाची खरेदी चालली होती आणि ते बाहेर पायरीवर डावा पाय लांब करून बसले होते. बोलता बोलता विषय गुडघ्यावर आला.

"सर, डॉक्टर म्हणतात आराम करा. नातू म्हणतो, आजोबा जिमला चला. आणि जिममधला पोरगा म्हणतो, दुखल्याशिवाय ताकद येत नाही. आता मी ऐकू कुणाचं?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपला जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर येतो. पुढे तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारात बारा-बारा तास उभं राहण्याची नोकरी करायची असते, शेतीत वाकायचं असतं, गावी गेल्यावर मांडी घालून पंगतीला बसायचं असतं. आणि हाती असतो तो कुठल्यातरी चढणीवर, कुठल्यातरी खड्ड्यात मुरगळलेला गुडघा, नाहीतर निखळून बसवलेला खांदा. सुभेदार साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास बराचसा सैनिकांनीच घडवलेला आहे. म्हणून हा लेख.

अंगावर काढण्याची सवय

आपल्या भाषेत एक फार नेमका वाक्प्रचार आहे: दुखणं अंगावर काढणं. फौजेत ही सवय लवकर लागते आणि त्याला कारणं आहेत. आपली वैद्यकीय वर्गवारी 'शेप' या पाच अक्षरांवर चालते. त्यातला 'ए' हात-पाय-सांध्यांचा. 'शेप-वन' असलात की कोर्स, बढती, हवी ती पोस्टिंग यांचे दरवाजे उघडे असतात. 'ए'च्या पुढचा आकडा वाढला की कॅटेगरी लागली. मग जवान काय करतो? गुडघ्याला पट्टी बांधतो, गोळी घेतो आणि बीपीईटीचे पाच किलोमीटर शस्त्र-सामानासह पळून येतो. पास होतो. गुडघा मात्र हिशेब लिहून ठेवतो.

पेन्शनीवर आल्यावर तोच माणसू दुसऱ्या टोकाला जातो. आता कुणी पळवत नाही, तर हलायचंच कशाला? इथे शरीराचा एक नियम आडवा येतो. गुडघ्याला सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू मेंदूचा हुकूम पूर्ण पाळत नाही. तो कमी काम करतो, म्हणून बारीक होतो. तो बारीक झाला की जिना उतरताना जो धक्का त्याने झेलायचा तो थेट सांध्यावर येतो. सांधा आणखी दुखतो, माणूस आणखी बसून राहतो. म्हणजे अंगावर काढणाऱ्याचा गुडघा जातो आणि नुसता आराम करणाऱ्याची मांडी जाते, मग तिच्यामागे गुडघाही.

तिसरा रस्ता आहे. दुखऱ्या जागेला वळसा घालून ताकद मिळवायची आणि ती मोजून मिळवायची. आपल्या आखाड्यांना हे अगदीच परकं नव्हतं. बडोद्याचे प्रा. माणिकराव हे जुम्मादादा व्यायाममंदिराचे गुरू, आणि तितकेच नामांकित हाड बसवणारे होते. ज्या जागी शरीर कमवायचं, त्याच जागी मोडलेलं शरीर सांधायचं, असा तो कारभार. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी याच माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. पण आखाड्यातलं हे ज्ञान गुरूच्या हातात आणि नजरेत राही. ते आकड्यांत मांडून हजारो जखमींना लागू करण्याची गरज दुसऱ्या महायुद्धाने निर्माण केली.

एका वर्षातल्या तीन गोष्टी

१९४४ साल घ्या. १ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे कण्याला जखम झालेल्या सैनिकांसाठी एक विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख होते लुडविग गुटमन, नाझींच्या जर्मनीतून निसटून आलेले ज्यू डॉक्टर. त्याआधी कण्याची जखम म्हणजे मृत्यूची नोटीसच समजली जाई. पाठीला होणारी शय्याव्रणं आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांनी बहुतेक जण दगावत. गुटमननी रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवण्याची शिस्त लावली आणि मग त्यांना कामाला लावलं. पाय गेले आहेत ना, मग खांदे, हात आणि धड यांनी दुप्पट काम करायचं. त्यासाठी त्यांनी धनुर्विद्या निवडली, कारण धनुष्य ओढताना नेमके तेच स्नायू लागतात. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ जखमी माजी सैनिकांची चाकाच्या खुर्चीवरून तिरंदाजी स्पर्धा त्यांनी भरवली. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ ते.

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर उभं राहिलं. युद्धात हात-पाय गमावलेल्या आपल्या सैनिकांना कृत्रिम अवयव बसवायचे आणि ते वापरायला शिकवायचं, हे त्याचं काम. पाय बसवणं हा अर्धाच भाग असतो. उरलेल्या मांडीत ताकद नसेल तर उत्तम पायसुद्धा कोपऱ्यात उभा राहतो, हे तिथे राहिलेला कोणताही फौजी सांगेल.

तिसरी गोष्ट शिकागोतली, आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळची. तिथल्या गार्डिनर जनरल हॉस्पिटल या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर नेमला गेला. वॉर्ड मोडलेल्या मांड्यांनी आणि गुडघ्यांनी भरलेले, आणि जवान महिनोन्‌महिने खाट सोडत नसत. तेव्हाची पद्धत अशी की जखमी पायाला हलका व्यायाम द्यायचा, पुष्कळ वेळा द्यायचा, आणि जड वजनाला हातही लावू द्यायचा नाही. वजनाने स्नायू आखडतात असा समज होता. डीलॉर्म स्वतः पोरवयात संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळला होता आणि वजनं उचलून त्याने शरीर परत कमावलं होतं. त्याने उलटं केलं. पायाला लोखंडी बूट बांधला, त्यावर वजन लावलं आणि रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवून गुडघा सरळ करायला सांगितलं. वजन जड, पण मोजलेलं. दर आठवड्याला पुन्हा मोजून वाढवलेलं.

निकाल इतके चांगले आले की १९४५ मध्ये त्याने ते अस्थिशल्यविशारदांच्या नियतकालिकात मांडले आणि लष्कराने पद्धत उचलली. पुढे १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर त्याने ती सोपी केली: दहा-दहाच्या तीन फेऱ्या. आज जगातल्या कुठल्याही जिममध्ये पोरं 'तीन सेट, दहा रेप' म्हणतात. हा मंत्र शरीर दाखवणाऱ्या पहिलवानांनी नव्हे, तर एका लष्करी रुग्णालयातल्या लंगडणाऱ्या जवानांनी रूढ केला, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

पेठ इस्लामपूरचा मुष्टियोद्धा

याच १९४४ सालच्या १ नोव्हेंबरला सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूर इथे मुरलीकांत पेटकर यांचा जन्म झाला. पोरवयात फौजेत भरती झाले, ईएमईमध्ये क्राफ्ट्समन झाले आणि मुष्टियुद्धात नाव काढलं. १९६४ मध्ये टोकियोला झालेल्या आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेत ते खेळले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. त्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली. कंबरेखालचं शरीर गेलं. मुष्टियोद्ध्याचं सगळं बळ पायांतून वर येतं. ठोसा हाताने मारला तरी त्याची सुरुवात टाचेत होते. म्हणजे ज्या खेळासाठी शरीर घडवलं, तोच खेळ संपला.

मुंबईच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि तिथेच व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आलं. हा सल्ला किती नेमका होता ते पाहा. पाण्यात शरीराचं वजन पाणीच पेलतं, कण्यावर भार येत नाही. दर हाताला पाण्याचा विरोध मिळतो, आणि तो आपण जितका जोर लावू तितकाच परत येतो. म्हणून झटका बसत नाही. शिवाय मुष्टियोद्ध्याचे खांदे, पाठ आणि दम हे भांडवल शाबूत होतं. पेटकरांनी नवं शरीर आणलं नाही. जुन्या शरीरात जे उरलं होतं त्याला नवं काम दिलं.

१९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. तिथे पदक मिळालं नाही. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांची मदत मिळाली आणि १९७२ मध्ये ते पश्चिम जर्मनीत हायडेलबर्गला पोहोचले. पोहण्यात ५० मीटर फ्रीस्टाइलच्या आपल्या गटात त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं, तेही विश्वविक्रमासह. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताच्या एकट्या खेळाडूने जिंकलेलं ते पहिलं सुवर्ण. त्याच स्पर्धेत भालाफेक, अचूक भालाफेक आणि खुर्चीची स्लॅलम शर्यत यांतही ते अंतिम फेरीपर्यंत गेले. चारही प्रकार खांद्यांचे आणि हातांचे. गुटमननी धनुष्यातून जे शोधलं, तेच.

पुढे पेटकरांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, पदकानंतर ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला तेव्हा कुठे घराघरात नाव गेलं. चित्रपटात जिद्द दिसते आणि ती होतीच. पण नुसत्या जिद्दीने ते पुन्हा मुष्टियुद्धाच्या रिंगणाकडे धावले असते, तर आज त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं. त्यांनी जिद्द कुठे लावायची ते बदललं.

मुंबईत वाढलेले आणि एनडीएतून बाहेर पडलेले मेजर जनरल इयान कार्डोझो यांची गोष्ट आमच्या पिढीने अकादमीतच ऐकलेली. १९७१ मध्ये सिल्हेटला सुरुंगावर पाय पडला, चिंधड्या झालेला पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने कापला. ती खुकरी सगळ्यांच्या लक्षात राहते. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. पुण्याच्या लिंब सेंटरमध्ये लाकडी पाय मिळाला, त्यावर चालणं, चढणं, पळणं त्यांनी नव्याने शिकून घेतलं, शारीरिक कसोट्या दिल्या आणि मग बटालियनची, पुढे ब्रिगेडची कमान मिळवली. अवयव गमावलेल्या अधिकाऱ्याला आपल्या सेनेत असा मान पहिल्यांदा मिळाला. खुकरी चालवायला एक क्षण पुरला, त्या पायावर उभं राहायला कितीतरी महिने लागले. शौर्य दोन्हीकडे आहे. आपण मात्र पहिल्याचेच पोवाडे गातो.

तोळामासा

नाजूक प्रकृतीला आपण 'तोळामासा' म्हणतो. सदर बाजारात हे शब्द अजून जिवंत आहेत. बारा मासे म्हणजे एक तोळा, आजच्या हिशेबाने साडेअकरा ग्रॅमहून थोडं जास्त. सराफ माशाचाही हिशेब चुकू देत नाही. दुखऱ्या सांध्याचा व्यायाम असाच करायचा असतो. डीलॉर्मची पद्धत म्हणजे दुसरं काही नाही.

आधी डॉक्टरांकडून सांध्यात काय आहे ते समजून घ्यायचं. फाटलेली गादी, सैल झालेला अस्थिबंध आणि झिजलेलं हाड यांचे नियम वेगळे असतात. परवानगी मिळाली की खुर्चीवर बसून गुडघा सरळ करताना नीट दहा वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं. समजा ते चार किलो निघालं. पायाला बांधायला वाळूची पिशवीही चालते. पहिली फेरी दोन किलोने दहा वेळा, दुसरी तीन किलोने, तिसरी चार किलोने. जेव्हा तिसरी फेरी दहाच्या पुढे सहज जाईल, तेव्हाच वजन वाढवायचं आणि तेही थोडं. वहीत तारीख आणि आकडा लिहायचा. लोखंडी बूट नसला तरी चालेल, वही हवीच.

बसून गुडघा वाकवताना एखाद्या ठिकाणी कळ येत असेल, तर त्या ठिकाणाच्या अलीकडे थांबायचं आणि तेवढ्या टप्प्यात ताकद वाढवायची. पूर्ण बैठक होत नसेल तर खुर्चीवरून उठ-बस करायची. तीही जड गेली तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची. खांदा दुखत असेल तर जोर जमिनीवर न मारता भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून मारायचे. हालचालच दुखत असेल तर स्नायू जागच्या जागी आवळून धरायचा. दहा सेकंद आवळणं हाही व्यायामच आहे.

आणि एक पाय प्लास्टरमध्ये असला, तर दुसऱ्याला सुट्टी देऊ नये. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८९४ मध्येच दिसून आलं होतं की एका हाताने सराव केला तर सराव न केलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद काही प्रमाणात वाढते. कारण ताकद नुसती स्नायूत नसते, स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जासंस्थेतही असते. म्हणजे धडधाकट पायाची कवायत आजारी पायाच्याही कामी येते.

'दुखल्याशिवाय ताकद येत नाही' याचाही निवाडा करून टाकू. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांडीचं मांस ठणकलं आणि दोन दिवसांत शमलं, तर ते कमाईचं दुखणं. सांध्याच्या आत कळ आली, सूज चढली, रात्री झोपमोड झाली, तर वजन मागे घ्यायचं. ते दुखणं कमाईचं नसतं, कर्जाचं असतं.

आपल्या पलटणींसाठी

हे जेवढं माजी सैनिकांसाठी, तेवढंच सेवेत असलेल्यांसाठी. खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकवत आलं आहे. तिथेच १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर कण्याला जखम झालेल्या जवानांचं घर झालं आहे. मोठ्या जखमेसाठी आपण अशी व्यवस्था उभी केली, याचा अभिमान आहे. छोट्या जखमेसाठी मात्र आपल्याकडे अजून पट्टी आणि गोळीच आहे. पीटी परेडला दीडशे जवानांना एकच कवायत मिळते आणि ज्याला ती जमत नाही तो बाजूला उभा राहतो. तिथेच त्याला लाज शिकवली जाते आणि तिथूनच दुखणं अंगावर काढायला सुरुवात होते.

खरं तर करायचं थोडंच आहे. कंपनीच्या पीटी उस्तादांना गुडघा, कंबर, खांदा यांच्यासाठी वेगळी कवायत शिकवायची. बाजूला उभ्या राहणाऱ्या पाच-सहा जणांची वेगळी रांग करून तिलाही तेवढाच घाम काढायला लावायचा. आणि कमांडरने कधीतरी त्या रांगेत जाऊन उभं राहायचं. मुरगळलेला गुडघा दाखवायला जवान लाजला नाही, तर तो गुडघा वेळेवर सुधारतो आणि 'शेप-वन'ही लवकर परत मिळतं. लपवला, तर पेन्शनीच्या कागदांबरोबर तो घरी जातो.

माझ्या माजी सैनिक बांधवांना एवढंच सांगेन. तुमच्या शरीराने देशासाठी जे दिलं ते परत मागता येत नाही, पण जे शिल्लक आहे ते पुष्कळ आहे. आज खुर्चीवरून पाच वेळा उठून-बसून पाहा आणि वहीत आकडा लिहा. पुढच्या आठवड्यात सहा.

जय हिंद.